रांगेतली शेवटची

जावईबापू, तो दिवा जरा इकडे सरकवा. नको, वात वर करू नका, एवढा उजेड पुरे. वीज येईल तेव्हा येईल. मघाशी जेवताना तुम्ही म्हणालात, भूतबीत काही नसतं, सगळे मनाचे खेळ. मीही आयुष्यभर हेच म्हणत आलो. न्हाव्याने भिऊन कसं चालेल? दिवसभर अनोळखी माणसं आमच्यासमोर डोळे मिटून गळा पुढे करतात, भ्यायचं तर त्यांनी. पण आता झोप दोघांनाही येत नाहीये, तर एक गोष्ट सांगतो. तुमच्या सासूबाईंना ती अर्धीच माहीत आहे, तेव्हा आवाज बारीक ठेवतो.

टेकडीखालच्या अनाथाश्रमात मी महिन्यातून एकदा मुलांचे केस कापायला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते काम माझ्याकडे आलं गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. आधीचा न्हावी म्हातारा झाला, हात थरथरायला लागले, त्याने मला गळ घातली. मी म्हटलं, त्यात काय एवढं. मशीन फिरवायचं, दुपार संपायच्या आत सगळी डोकी मोकळी. धोकटी उचलली आणि गेलो.

लांबलचक व्हरांडा होता. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला आजारी मुलांची खोली. त्या खोलीचं दार बंद असायचं. मध्ये भिंतीशी माझ्यासाठी एक उंच लाकडी खुर्ची ठेवलेली. फिनेलचा वास, उकळलेल्या चादरींचा वास, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी औषधाचा गोडूस वास. आरसा नव्हता. पूर्वी होता म्हणे, पण एका पोराने रागाच्या भरात त्यावर कपाळ आपटून घेतलं, तेव्हापासून काढून टाकलेला.

आत पाऊल टाकलं आणि पाच-सहा वर्षांच्या एका मुलाने येऊन माझ्या पायाला मिठी मारली. "बाबा," म्हणाला. मी विरघळलोच. तिथल्या मोठ्या बाईंना, म्हणजे आश्रम सांभाळणाऱ्या बाईंना, कौतुकाने सांगितलं. कमरेला किल्ल्या, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्या म्हणाल्या, "तो सगळ्यांनाच म्हणतो. दूधवाल्यालासुद्धा." आणि त्याला हळूच माझ्या पायापासून सोडवलं.

मला सगळ्यात खटकलं काय, तर शांतता. तुमची दोन पोरं आली की छप्पर डोक्यावर घेतात. इथे चाळीसएक मुलं भिंतीला पाठ लावून रांगेत उभी, आणि चकार शब्द नाही. एक मुलगा उभ्या उभ्या पुढे-मागे झुलत होता. एकीने उशीखाली साठवलेला पावाचा तुकडा मुठीत घट्ट धरून आणला होता, तो तिने केस कापून होईपर्यंत सोडला नाही. मी नेहमीसारखी बडबड सुरू केली, थट्टामस्करी केली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक गंमत झाली. गंमत म्हणायची आणि काय. एका मुलाच्या डोक्यावरून मशीन फिरवून झालं, तो गेला. पाच-सहा जणांनंतर खुर्चीत बसलेल्या पोराच्या मानेवर बारीक केस चिकटलेले दिसले. अरे, ह्याचं तर मघाशीच झालं! व्हरांड्याला मागून वळसा घालून तो परत रांगेत लागला होता. मी म्हटलं, "काय रे वकीलसाहेब, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा?" त्याने डोकं माझ्या हातात अलगद टेकवलं, आणि डोळे मिटले.

तेव्हा मला कळलं, जावईबापू. ही पोरं केस कापायला येत नव्हती. महिन्यातून एकदा कुणीतरी डोक्यावर हात ठेवतं, हनुवटी धरून मान सरळ करतं, कानामागचे केस फुंकरीने उडवतं, त्यासाठी येत होती. दोन आया आणि चाळीस मुलं. त्या तरी कुणाकुणाला जवळ घेणार? मी कात्री घेतली आणि त्याच्या डोक्याच्या वर, हवेतच, चक् चक् चालवली. डावा हात मात्र डोक्यावर ठेवला. मग तो शिरस्ताच पडला. ज्याचं खरं झालंय त्याला हवेतलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्या फेरीलाच जास्त वेळ लागायचा. घरी उशिरा यायचो तेव्हा तुमच्या सासूबाई म्हणायच्या, "अनाथाश्रमात जाता की सासुरवाडीला?"

आता एक ध्यानात घ्या. आरसा नसल्यामुळे मी त्या पोरांना तोंडावरून ओळखत नाही, मानेवरून ओळखतो. कुणाची मान जाड, कुणाच्या मानेवर तीळ, कुणाचे केस खाली टोकदार उतरलेले. आणि पहिल्याच महिन्यापासून एक मान सगळ्यात शेवटी यायची.

सगळी मुलं हात धुवायला पांगली, व्हरांडा रिकामा झाला, मी कापड झटकायला लागलो की खुर्चीत कुणीतरी बसलेलं असायचं. आठ-नऊ वर्षांची मुलगी. कधी आली, कळायचं नाही. बारीक मान, उजव्या कानामागे भाजल्याची जुनी खूण, आणि डोक्यात दोन भोवरे. केस आधीच बारीक कापलेले. मला वाटायचं, ही दुसऱ्या फेरीची, लाजाळू आहे, गर्दी ओसरायची वाट बघते. मी कापड बांधायचो, हात ठेवायचो, हवेत कात्री चालवायचो. डोकं गार असायचं. व्हरांड्यातून वारा येतोच, अंगात पातळ सदरा, गार लागणारच की. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, "दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं हं पोरी. एका तरी लग्नाला काकाला बोलाव." ती हसली असं मला वाटलं. खांदे जरासे हलले. मी चहासाठी हाक ऐकून तिकडे वळलो, परत पाहतो तर खुर्ची रिकामी.

जमिनीवर तिचे केस पडायचे नाहीत, याचं मला कधी नवल वाटलं नाही. हवेतल्या कटिंगचे केस पडतील कुठून?

आणि दुसरी होती मुंगी. हे तिचं खरं नाव नव्हे. एवढीशी, चार-साडेचार वर्षांची, पण हात लावला की कडकडून चावायची, म्हणून मुंगी. ती रांगेत कधीच यायची नाही. त्या आजाऱ्यांच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून बसायची आणि झुलायची. पाठ दारावर आपटायची, धप्... धप्... धप्. माझं सगळं काम त्या आवाजाच्या तालावर चालायचं. स्वतःचे केस बोटाला गुंडाळून उपटायची. डोक्यावर एका बाजूला टक्कल, दुसऱ्या बाजूला नुसता गुंता. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ती शेवटची मुलगी खुर्चीत बसली की ते धप् धप् थांबायचं. मुंगी एकटक बघायची. तिच्या डोळ्यांत असा काही राग असायचा, की एवढ्याशा पोरीत तो मावतो कसा हे मला कळायचं नाही. पुढच्या महिन्यात अशी बघताना ती दारापासून थोडी पुढे सरकायची. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी थोडी.

असे पाच-सहा महिने गेले. मग तो दिवस आला. आभाळ दुपारपासूनच भरून आलेलं, व्हरांड्यात दिवेलागणीसारखा अंधार. वीजही गेलेली, त्यामुळे मशीन बंद, सगळं काम कात्रीने. मी पोचताच मोठ्या बाई फाटकापर्यंत आल्या. असं त्या कधी करत नसत.

"काका, आज एक काम आहे," त्या म्हणाल्या. "मुंगीचे केस. कसंही करून माणसात आणा."

"चावेल की हो ती."

"चावेल. पण उद्या ते नवरा-बायको येणार आहेत. तिसऱ्यांदा येताहेत. त्यांच्या मनात मुंगीच भरलीये. मागच्या खेपेला ही त्या बाईंच्या मनगटाला चावली, रक्त काढलं, तरी त्या म्हणाल्या, पुन्हा येऊ. पण उद्याची शेवटची. उद्याही असंच झालं तर..." बाईंनी फाटक लावून घेतलं. "तर मला तिला दुसरीकडे पाठवावं लागेल. जिथे अशा मुलांना ठेवतात तिथे. मी ती जागा पाहिली आहे, काका. खोल्यांना बाहेरून कड्या आहेत."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मनात म्हटलं, न्हावी केस सरळ करील, आतला गुंता कुठल्या फणीने सोडवणार?

रांग उरकली. दुसरी फेरी उरकली. मुलं जेवायला गेली, लांबून ताटल्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही. व्हरांड्यात मी आणि दाराशी झुलणारी मुंगी. तिच्याकडे कसं जावं याचा विचार करत मी वळलो, तर खुर्चीत ती शेवटची मुलगी बसलेली. नेहमीसारखी, माझ्याकडे पाठ करून.

मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, हिचं चाललेलं मुंगी बघते, तर बघू दे, भीती मोडेल. मी कापड बांधलं. डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी ते डोकं नेहमीपेक्षाही गार होतं, हात वरपर्यंत बधिर झाला. औषधाचा तो गोडूस वास एकदम जवळ आला. मी कात्री चालवली. चक्... चक्... चक्.

धप् धप् थांबलं.

मुंगी उठली. भिंतीच्या कडेकडेने आली. खुर्चीसमोर उभी राहिली आणि तिने कापडाची कड मुठीत धरली. इतक्या महिन्यांत मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. तो घोगरा होता, न वापरलेला.

"तुला तर आई-बाबा मिळाले ना?" ती खुर्चीतल्या मुलीला म्हणाली. "तू तर घरी गेलीस ना... मला टाकून?"

माझ्या हाताखाली, जावईबापू, ते डोकं हललं. सावकाश. डावीकडे... उजवीकडे. नाही.

"नाही गेलीस?"

पुन्हा तसंच. डावीकडे... उजवीकडे. माझी बोटं तिच्या केसांत होती. ते भोवरे मला बोटांना लागत होते. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की एवढ्या जवळ उभा असून मला एकाच पोरीचा श्वास ऐकू येतोय. मुंगीचा.

व्हरांड्याच्या टोकाला उजेड हलला. मोठ्या बाई कंदील घेऊन येत होत्या. "काका, सगळी मुलं तिकडे जेवताहेत," त्या लांबूनच म्हणाल्या. "कुणाचे कापताय?"

"ही... ही शेवटची. नेहमीची शेवटची..." मी मानेकडे खूण केली. "कानामागे भाजलंय बघा. दोन भोवरे..."

कंदील हेलकावला. बाई जागीच थिजल्या. माझ्या हाताखालचं डोकं गेलं. गेलं म्हणजे उठून नाही. हात एकदम खाली आला, आणि बांधलेलं कापड, खांद्यांच्या आकाराचं, हळूहळू खुर्चीत बसत गेलं. मुंगीने कड तेवढी सोडली नव्हती.

"बाई," मुंगी म्हणाली, "ताई म्हणते ती नाही गेली."

मोठ्या बाई खाली बसल्या, तिथेच फरशीवर. कंदील बाजूला ठेवला. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. मला वाटलं ह्यांना घेरी येणार. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, मुंगीकडे बघत होत्या.

"नाही गेली," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले मी तुझ्याशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, एका साडेचार वर्षांच्या पोरीला, मोठ्या माणसाला सांगावं तसं. मागच्या थंडीत मुलांना तापाची साथ आली होती. मुंगीच्या थोरल्या बहिणीला आत त्या खोलीत ठेवलं होतं. ती सारखी म्हणायची, छोटीला आत येऊ द्या. येऊ दिलं नाही, छोटीलाही लागण होईल म्हणून. छोटी दाराबाहेर बसून राहायची, पाठ दाराला लावून, आतून ती ठोकायची, बाहेरून ही. साथ अशी होती की रात्री एका आयेच्या वाट्याला वीस तापलेली पोरं. पहाटे आया तिच्या खाटेपाशी पोचली तेव्हा उशीर झाला होता.

"तिच्या डोक्यावर हात ठेवायलासुद्धा कुणी नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "आणि तुला मी सांगितलं, ताईला आई-बाबा मिळाले, ती घरी गेली. मला वाटलं, तू लहान आहेस, विसरशील. वाईट नाही वाटणार तुला."

आता तुम्हीच सांगा, त्या बाईला काय म्हणायचं? अशा जागी असंच सांगतात. आई-बाबा मिळाले, याहून गोड बातमी त्या भिंतींच्या आत दुसरी नसते. त्यांनी जीव तुटून तीच दिली. आणि पोरीने तिचा अर्थ काय लावला, तर माझी ताई मला न सांगता गेली, आणि जी नवरा-बायकोची जोडी फाटकातून येते ती पोरं चोरायला येते. मग ती चावेल नाही तर काय करील?

मुंगीने विचारलं, "म्हणजे मला टाकून नाही गेली?"

"नाही गं राणी."

"मेली?"

बाईंनी मान डोलावली. मुंगीने त्यांचा हात धरला आणि चावली. पार दात रुतेपर्यंत. बाईंनी हात ओढला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात होता तिथेच ठेवला. हळूहळू ते दात सैल झाले, आणि मग ती पोर रडली. जावईबापू, मी बाळंतघराबाहेर उभा राहिलोय, स्मशानातही राहिलोय. तसं रडणं मी कुठे ऐकलं नाही. स्वयंपाकघराच्या टोकाला सगळी मुलं येऊन उभी राहिली. मग त्यातलं एक रडायला लागलं, मग दुसरं. त्या घरातली ती शांतता फुटली ती त्या दिवशी. आया इकडून तिकडे धावत होत्या, आणि मी वेड्यासारखा कात्री हातात घेऊन उभा होतो आणि मीही रडत होतो. लाज कसली त्यात.

मुंगीचे केस मी त्याच संध्याकाळी कापले, कंदिलाच्या उजेडात. ती बाईंच्या मांडीवर बसली होती, हुंदके देत देत पेंगली होती. हात लावला तर हूं की चूं नाही. तिचं डोकं ऊन होतं, घामेजलेलं. त्यातही दोन भोवरे निघाले.

दुसऱ्या दिवशी ते नवरा-बायको आले. मी काही तिथे नव्हतो, मोठ्या बाईंनी नंतर सांगितलं. न्यायला आलेल्या त्या बाईंनी हात पुढे केला, मुंगीने तो बराच वेळ न्याहाळला, मनगटावरच्या तिच्याच दातांच्या खुणेवर बोट फिरवलं, आणि विचारलं, "दुखतं?" झालं. पंधरवड्यात ती गेली. गंमत बघा, ते राहतात आपल्या दुकानाच्या समोरच्याच इमारतीत. मागच्या जिन्याने वर, दुसरा मजला. खिडकीत तिचे फ्रॉक वाळत घातलेले दिसतात.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. पुढच्या महिन्यात आश्रमात गेलो ते हलक्या मनाने. मुलं रांगेत ढकलाढकली करत होती, एकाने माझी फणी पळवली, मला बरं वाटलं. दोन्ही फेऱ्या झाल्या, व्हरांडा रिकामा झाला. म्हटलं, थोरलीचंही मन आता निवलं असेल. खरं काय ते धाकटीला कळलं, आणखी काय हवं तिला?

मी वळलो. ती खुर्चीत होती.

पळालो का? नाही पळालो. ती मान बघितली आणि भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी पोटात तुटलं. धाकटीला घर मिळालं, आई मिळाली, समोरचा रस्ता मिळाला. ह्या पोरीला काय मिळालं? ह्या खेपेला खरंच मागे टाकली गेलेली तीच होती. मी कापड बांधलं. हात ठेवला, हाडापर्यंत गार कळ गेली, तरी ठेवला. कात्री चालवली. आणि ती वाट बघत होती, हे मला हाताला कळत होतं. नुसती कात्रीची नव्हे. कशाची तरी खबर ऐकायची होती तिला.

मी बोललो. न्हाव्याची जीभ, गप्प कशी राहील? हळू आवाजात म्हटलं, "बरी आहे हो तुझी छोटी. खाते, झोपते, चावत नाही. केस भरून येताहेत. माझ्या दुकानाच्या समोरच राहते. मागचा जिना, दुसरा मजला."

माझ्या हाताखालचं डोकं वर झालं, माझ्याकडे वळायला लागलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि त्यानंतर आजपर्यंत त्या व्हरांड्यात शेवटी कुणीही आलेलं नाही. आजाऱ्यांच्या खोलीचं दारही आता उघडं असतं. बाई म्हणतात, तो वाससुद्धा गेला.

मी बरं केलं की वाईट, ते मला अजून कळत नाही.

परवा, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी, मुंगी दुकानात आली होती. आईचं बोट धरून, लाल चपला घालून. काय गोड दिसते आता! मी उचलून खुर्चीत बसवली. ती सरकत सरकत खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसली, पाय खाली लोंबत. मी म्हटलं, "मागे टेकून बस की गं, पडशील." तिने नाही म्हणून मान हलवली.

"अशीच बसते हल्ली," तिची आई हसून म्हणाली. "जेवताना, गाडीत, सगळीकडे. मागे जागा ठेवून. आणि आनंदात असते अगदी, रात्री अंधारात एकटीच खिदळत असते. आधी मेली हसायचीसुद्धा नाही." मग तिने जरा काळजीने विचारलं, "काका, तुम्ही तिला आधीपासून ओळखता. हिचं अंग पूर्वीही असं गार असायचं का हो? दोन पांघरुणं घातली तरी हातपाय तापतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, काही नाही."

मी मुंगीच्या कपाळाला हात लावला. लावला आणि काढून घेतला. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं, समजूत घालावी तसं.

"काका, आधी तिचे कापा," ती म्हणाली.

मी फळीवरून मोठ्या माणसांचं कापड काढलं, लहान मुलांचं पुरलं नसतं. ते मुंगीच्या गळ्याशी बांधलं, तर मागून ते कुणीतरी अलगद खांद्यांवर नीट करून घेतलं.